हजेरीच्या वहीतून मतदारयादीत

७ मे २०२४ रोजी दौंड तालुक्याने लोकसभेसाठी मतदान केले. भीमा ओलांडली की लागणाऱ्या शिरूर तालुक्याची पाळी सहा दिवसांनी, १३ मे रोजी आली. जिल्हा एकच, ऊस-कांद्याची शेती सारखी, बाजारहाटाची ये-जा रोजची; पण दौंड बारामती लोकसभा मतदारसंघात मोडते आणि शिरूर स्वतःच्या नावाच्या मतदारसंघात. २००८ च्या पुनर्रचनेने हा शिरूर मतदारसंघ घडवला, तेव्हा जुन्नर-आंबेगावच्या डोंगराळ भागासोबत पुणे शहराला चिकटलेले हडपसरही त्यात आले. हडपसर-रामटेकडीच्या परिसरात शिकलगार शिखांची वस्ती आहे. कढया, बादल्या, कुलुपे, विळे-सुऱ्या बनवणारी आणि धार लावत गावोगाव फिरणारी ही कारागीर जमात. तिचा खासदार शिरूरचा.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील शिखांची संख्या सुमारे सव्वादोन लाख भरली, म्हणजे हजारी दोन. इतक्या थोड्या लोकांना ‘नाव नोंदवा, मतदान करा’ असे सांगणे हे एखाद्या रविवारी, गुरुद्वाऱ्यातला दिवाण, म्हणजे धार्मिक सभा, संपल्यावर उरकायचे काम वाटेल. पण त्यामागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे. सरकारने या देशातल्या फिरत्या माणसांच्या दोन याद्या केल्या. पहिली त्यांच्यावर नजर ठेवण्यासाठी, दुसरी त्यांचे मत विचारण्यासाठी. पहिल्या यादीसाठी सरकार स्वतःहून दारात आले होते. दुसरीसाठी बहुतेक वेळा माणसालाच सरकारच्या दारात जावे लागले.

छावणी, रूळ आणि शस्त्रांचा कायदा

शिरूर म्हणजे घोडनदी. वसईच्या तहानंतर इंग्रजांची तैनाती फौज पेशव्यांच्या मुलखात आली, तिचा तळ इथे पडला. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कोरेगावला लढलेला इंग्रजांचा कॅप्टन स्टाँटन पुण्याकडे निघाला तो याच छावणीतून. जिथे फौज तिथे लोहार, शिकलगार, खोगीर शिवणारे, नाल ठोकणारे हे ठरलेलेच. तलवारीला पाणी देणे, गंज उतरवणे, पाते घासून लखलखीत करणे यांवर पोट भरणाऱ्यांना छावणी हा हक्काचा बाजार होता.

शिखांमधील शिकलगार आपला वारसा गुरू हरगोबिंदांपर्यंत नेतात. १६०६ मध्ये गुरुगादीवर आल्यावर त्यांनी मीरी आणि पीरी, म्हणजे ऐहिक आणि आध्यात्मिक सत्तेच्या दोन तलवारी धारण केल्या, आणि शिखांच्या घरात शस्त्र आले. शस्त्र आले तसा शस्त्र घडवणाराही आला. गुरू गोविंदसिंग दक्षिणेत उतरले आणि १७०८ मध्ये गोदावरीकाठी नांदेडला त्यांचे देहावसान झाले. महाराष्ट्रातले अनेक शिकलगार आपल्या पूर्वजांचे येणे त्या प्रवासाशी जोडतात. कागदोपत्री पुरावा प्रत्येक घराण्याचा निघणार नाही, पण नांदेडशी असलेले नाते या लोकांच्या जगण्यात घट्ट आहे.

दौंडची गोष्ट रुळांची. पुण्याहून सोलापूरच्या दिशेने रेल्वे १८५८ मध्ये सुरू झाली, तिच्या वाटेवर दौंड आले. १८७८ मध्ये दौंड-मनमाड फाटा सुरू झाला आणि दक्षिणेकडून उत्तरेकडे जाणाऱ्या माणसाला मुंबईचा वळसा घेण्याची गरज उरली नाही. या जंक्शनवर मग मुलूखभरचे लोक उतरले, राहिले. आजही पुण्याचा शीख प्रवासी कुर्डुवाडी-लातूरमार्गे नांदेडला निघाला की त्याची गाडी दौंडवरून जाते.

त्याच १८७८ साली व्हाइसरॉय लिटनच्या सरकारने शस्त्रांचा कायदा आणला. परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे, बनवणे, विकणे गुन्हा ठरले. गोरे आणि अँग्लो-इंडियन यांना मोकळीक, एतद्देशीयांना बंदी, यावर त्या काळच्या सुशिक्षितांनी बरीच टीका केली. काँग्रेसच्या आरंभीच्या अधिवेशनांतही हा विषय निघाला. ती चर्चा मानापमानाची होती. शिकलगाराच्या घरात मात्र प्रश्न चुलीचा होता. पिढ्यान्‌पिढ्यांचे कसब एका कायद्याने संशयास्पद ठरले. हात तेच राहिले, वस्तू बदलल्या: तलवारीच्या जागी विळा आणि सुरी, ढालीच्या जागी कढई. एका गावात पुरेसे गिऱ्हाईक मिळेना म्हणून पालाचे बिऱ्हाड पाठीवर आले.

पहिली यादी

फिरत्या माणसाला इंग्रजी राज्य मुळातच भ्याले होते. शेतसारा भरणाऱ्याचा पत्ता असतो. जो आज इथे नि उद्या तिथे, त्याला कुठे गाठायचे? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने या भीतीवर उपाय काढला. जमातच्या जमात गुन्हेगार म्हणून जाहीर करायची आणि तिच्यातल्या माणसांची नावे नोंदवून घ्यायची. हा कायदा आधी उत्तर हिंदुस्थानात लागू झाला. १९११ च्या नव्या कायद्याने त्याची व्याप्ती देशभर पोचली. मुंबई इलाख्यात पारधी, कैकाडी, रामोशी, मांग अशा जमातींच्या माणसांना चावडीवर नाहीतर चौकीवर हजेरी द्यावी लागे. परगावी जायचे तर दाखला हवा. पोचल्यावर तिथल्या पोलिसाला तो दाखवायचा. सोलापुरात तर तारेच्या कुंपणाची वसाहतच उभी राहिली.

या व्यवस्थेत नोंदणी सरकार करी, आणि ती चोख होई. बापाचे नाव, वय, अंगावरच्या खुणा, बोटांचे ठसे, सगळे वहीत. शिकलगारांसारखे फिरते धातुकारागीर, हातात पाते आणि खांद्यावर गाठोडे घेऊन हिंडणारे, या नजरेतून सुटणे शक्यच नव्हते. सरकारने आपले नाव विचारले म्हणजे काहीतरी विपरीत होणार, हा धडा भटक्या वस्त्यांनी त्या वहीतून घेतला. कारकून कागद घेऊन पालाजवळ आला की कर्ता पुरुष बाहेर गेला असल्याचे सांगायचे, पोरांची नावे अर्धवट सांगायची. ही लबाडी नव्हती, अनुभवाने आलेले शहाणपण होते. पुढे मतदारयादीचा कारकून आला तेव्हा त्याचा कागदही तसाच दिसणार होता.

मताचा हक्क तेव्हा मालमत्ता, कर आणि शिक्षण यांना बांधलेला होता. १९३५ च्या कायद्यानेही ब्रिटिश हिंदुस्थानात मतदार झाले सुमारे तीन कोटी. शिखांना स्वतंत्र मतदारसंघ होते ते मुख्यतः पंजाबात. तिथल्या विधानसभेच्या १७५ जागांपैकी तीसहून अधिक त्यांच्यासाठी राखीव होत्या. मुंबई इलाख्यातला शीख सर्वसाधारण मतदारांत गणला जाई, आणि तेही करदाता असला तर. पाल हीच मालमत्ता असणाऱ्याचा प्रश्नच नव्हता.

शिखांना मतपेटी परकी होती असे मात्र नाही. गुरुद्वारे महंतांच्या कब्जातून सोडवण्यासाठी १९२० नंतर जी चळवळ झाली, तिच्यात १९२१ च्या ननकाना साहिबच्या हत्याकांडासारखे प्रसंग सोसून १९२५ मध्ये शीख गुरुद्वारा कायदा मिळवला गेला. गुरुद्वाऱ्यांचा कारभार निवडून आलेल्या मंडळाकडे आला, आणि त्या निवडणुकीत स्त्रियांनाही मत होते. समुद्रापार चित्र उलटे होते. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने १९०७ मध्ये हिंदी लोकांचा, म्हणजे तिथे मुख्यतः शिखांचा, मताचा हक्क काढून घेतला. लाकडाच्या वखारींत राबणाऱ्या या लोकांनी अर्ज केले, शिष्टमंडळे नेली, आणि चाळीस वर्षांनी, एप्रिल १९४७ मध्ये हक्क परत मिळवला. एकाच समाजाने एकीकडे धर्मस्थळाच्या कारभारासाठी मत मिळवले, दुसरीकडे गमावलेले मत परत घेतले. दोन्ही ठिकाणी उपयोगी पडली ती संघटना. गुरुद्वारा हे त्या संघटनेचे घर होते. जिथे गुरुद्वारा नाही, फक्त पाले आहेत, तिथे ती सोय नव्हती.

एकशे ऐंशी दिवसांची अट

स्वातंत्र्य मिळून तीन महिने होतात तोच संविधान सभेच्या सचिवालयाने, सल्लागार बी. एन. राव यांच्या देखरेखीखाली, प्रौढ मताधिकाराची यादी कशी करायची याचा विचार सुरू केला. संविधान अजून लिहून व्हायचे होते. मार्च १९४८ मध्ये प्रांतांना सूचना गेल्या: १ जानेवारी १९४९ रोजी वयाची २१ वर्षे पूर्ण असावीत, आणि ३१ मार्च १९४८ ला संपणाऱ्या वर्षात त्या ठिकाणी निदान १८० दिवस रहिवास असावा. जिथे यादी पूर्वी सातबारा आणि करपावतीवरून होई, तिथे आता घराघराला क्रमांक देऊन दारोदार जाऊन करायची होती.

अट साधी दिसत होती, पण फाळणीने लाखो माणसे उचलून दुसरीकडे टाकली होती. पश्चिम पंजाबातून आलेला शीख ऑक्टोबर-नोव्हेंबर १९४७ मध्ये छावणीत पोचला असेल तर त्याचे १८० दिवस भरणार कसे? निर्वासितांच्या संस्थांनी दिल्लीला पत्रे धाडली. आसामसारख्या प्रांतांतले अधिकारी त्यांची नावे घ्यायला कां-कू करत होते. अखेर सचिवालयाने मार्ग काढला. निर्वासिताने ‘मी इथे कायम राहणार आहे’ असे नुसते लिहून दिले तरी त्याचे नाव घ्यावे, दिवस मोजू नयेत. नागरिकत्वाची कलमे पक्की होण्याआधीच या माणसांचे मतदार म्हणून स्थान मान्य झाले.

त्याचा फायदा मुंबई प्रांतातही झाला. मुंबईत सायन कोळीवाड्याला पंजाबी निर्वासित उतरले. ती वसाहत पुढे गुरू तेग बहादूर नगर म्हणून ओळखली जाऊ लागली. कल्याणच्या लष्करी तळावर सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये त्याचे उल्हासनगर झाले. पुण्याजवळ पिंपरीला सिंध्यांची छावणी पडली. त्यांच्यातल्या कितीतरी घरांत गुरू नानकांची भक्ती पिढ्यांपासून होती. छावणीला बरॅकचे क्रमांक असतात, रेशनची यादी असते, समिती असते. सगळे गमावून आलेल्या या लोकांजवळ यादीत शिरण्यासाठी लागणारी एक गोष्ट सरकारनेच दिली होती: पत्ता.

पालातल्या शिकलगाराला ती सवलत नव्हती. तो कुठून उखडला गेला नव्हता, कारण सरकारच्या लेखी तो कुठे रुजलेलाच नव्हता. मुंबई सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा १९४९ मध्ये रद्द केला, केंद्राने ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. पहिली सार्वत्रिक निवडणूक त्याआधीच, ऑक्टोबर १९५१ ते फेब्रुवारी १९५२ या काळात पार पडली होती. त्या निवडणुकीत देशात १७ कोटींहून अधिक मतदार होते. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांना एक कटू निर्णय घ्यावा लागला: ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढेच सांगून स्वतःचे नाव न देणाऱ्या सुमारे २८ लाख स्त्रियांची नोंद यादीतून वगळली गेली, मुख्यतः उत्तरेकडील राज्यांत. खालसा पंथाने स्त्रीला ‘कौर’ हे नवऱ्यावर न टेकणारे नाव दिले होते, त्याचे मोल या वेळी समजते. पण ज्या वस्तीत कारकून पोचलाच नाही, तिथे नाव असून उपयोग काय?

नांदेडची वेगळी यादी

१९५६ मध्ये हैदराबाद राज्याच्या विधिमंडळाने नांदेडच्या सचखंड श्री हुजूर अबचलनगर साहिब या तख्तासाठी कायदा केला. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, आणि कायदाही त्याच्यासोबत आला. कारभार पाहणारे मंडळ सतरा जणांचे. त्यात अमृतसरच्या शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटीने पाठवलेले, सचखंड हुजुरी खालसा दिवाणाचे, संसदेतले शीख सदस्य, सरकारने नेमलेले असे निरनिराळे लोक. शीख मतदारांनी थेट निवडून द्यायचे सभासद तीनच, आणि तेही मराठवाड्यातून. पुणे जिल्ह्यातला शीख तख्ताला कितीही मानत असला, वर्षातून दोनदा दौंडवरून गाडी धरत असला, तरी त्या तिघांच्या निवडीत त्याचे मत नाही.

मंडळावर सरकारचा हात किती असावा यावरून वाद होत आले. २०१५ मध्ये अध्यक्ष नेमण्याचा अधिकार सरकारकडे घेणारी दुरुस्ती झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये सतरापैकी बारा सभासद सरकारने नेमावेत असा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा नांदेडपासून अमृतसरपर्यंत विरोध उठला आणि सरकारला थांबावे लागले. पुढे तीनच महिन्यांनी लोकसभेचे मतदान होते. या प्रसंगाने एक गोष्ट लख्ख झाली. तख्ताच्या कारभाराचा कायदा मुंबईत विधिमंडळात बदलतो, आणि विधिमंडळासाठी मत देण्याचा अधिकार दौंड, शिरूर, हडपसर इथल्या शिखालाही आहे. मंडळाच्या यादीत त्याला जागा नसेल, पण जी यादी मंडळाचे भवितव्य ठरवते तिच्यात आहे. मात्र तिच्यात त्याचे नाव असायला हवे.

रात्रीची पडताळणी

कायद्यात वाट आहे, आणि ती १९५० पासून आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याचे विसावे कलम सांगते की माणूस काही काळ बाहेर गेला म्हणून त्याचा रहिवास संपत नाही. आणि एखाद्या गावात नुसते घर नावावर आहे म्हणून तो तिथला रहिवासी ठरत नाही. म्हणजे हंगामात भीमेच्या दोन्ही काठांनी विळे-कोयत्यांना धार लावत हिंडणारा माणूस जिथे परत येऊन टेकतो, तिथला मतदार ठरतो. एकाच वेळी दोन मतदारसंघांत नाव ठेवता येत नाही. त्यामुळे दौंड की शिरूर, बारामतीचा उमेदवार की शिरूरचा, हे ठरवावे लागते. वस्ती हलली तर नमुना ८ भरून नाव हलवता येते, नव्याने नोंदवायचे तर नमुना ६.

घर नसलेल्यासाठी निवडणूक आयोगाच्या सूचना आणखी स्पष्ट आहेत. अर्जदार जी जागा सांगेल तिथे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने, म्हणजे बीएलओने, रात्री जायचे, तो माणूस खरोखर तिथे झोपतो का ते पाहायचे, एकाहून अधिक रात्री पाहायचे. खात्री पटली की पत्त्याचा कागद मागायचा नाही. पूर्वी रात्री वस्तीत येणारा सरकारी माणूस हजेरी घेण्यासाठी येई. आता त्याने हक्क देण्यासाठी यायचे, असे नियम म्हणतो.

नियम आणि वस्ती यांच्यात अंतर पडते ते इतर कारणांनी. बीएलओ बहुधा शिक्षिका नाहीतर अंगणवाडी सेविका, तिच्याकडे हजार-बाराशे मतदारांचे काम. दिवसा गेली तर पुरुष बाजारात, बायका कामावर, दार बंद. शेरा पडतो ‘स्थलांतरित’, आणि यादीच्या पुढल्या पुनरीक्षणात नाव गळू शकते. त्यात नावांचा घोळ. बहुतेक पुरुषांच्या नावापुढे सिंग, बायकांच्या पुढे कौर. अर्जात आडनावाच्या रकान्यात कुणी सिंगच लिहितो, कुणी जमातीचे लावतो, कुणी ‘सिंह’ तर कुणी ‘सिंघ’. बाप-लेकाची नोंद एकच आहे की काय असा संशय संगणकाला येतो, आणि शाळेच्या दाखल्याशी आधार जुळत नाही.

बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने २००८ मध्ये आणि भिकू इदाते यांच्या आयोगाने त्यानंतर दहा वर्षांनी भटक्या-विमुक्तांच्या कागदपत्रांच्या या तिढ्यावर बोट ठेवले. दोघेही महाराष्ट्राचे, आणि दोघांनीही ही दुनिया जवळून पाहिलेली. महाराष्ट्रात मुख्य निवडणूक अधिकारी श्रीकांत देशपांडे यांच्या कारकिर्दीत, २०२२ च्या पुनरीक्षणात, भटके-विमुक्त, तृतीयपंथी आणि देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया यांच्यासाठी नोंदणीची वेगळी शिबिरे ठेवली गेली. त्याच वर्षापासून १८ वर्षे पूर्ण होण्याच्या तारखा वर्षातून एकीऐवजी चार झाल्या: जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरची पहिली तारीख. शाळा सोडून कामाला लागलेल्या मुलामुलीला आता वर्षभर थांबावे लागत नाही.

हे सगळे लक्षात घेतले की शीख मतदार-जागृतीचे काम कोणत्या वेळी करायचे ते आपोआप ठरते. निवडणुकीच्या तोंडावर फलक लावून, सभेत ‘वाहेगुरूजी का खालसा’ म्हणून मते मागणाऱ्यांची कमतरता नसते. पण अर्ज भरण्याची शेवटची तारीख तेव्हा गेलेली असते किंवा जवळ आलेली असते. काम असते ते एरवीच्या वर्षांत, प्रारूप यादी प्रसिद्ध होऊन दावे-हरकतींची मुदत चालू असते त्या आठवड्यांत. गुरुद्वाऱ्यात लंगरच्या जागी यादी वाचून दाखवायची, गळालेली नावे शोधायची, सिंग आणि कौर यांची लेखी रूपे आधारशी जुळवून घ्यायची, बीएलओला संध्याकाळी सातनंतर सोबत घेऊन वस्तीत जायचे. या कामात घोषणा कमी आणि लेखनिकपणा जास्त. १९४८ मध्ये निर्वासितांच्या संस्थांनी नेमके हेच केले होते: पत्रे लिहिली, अर्ज भरून दिले, अधिकारी टाळू लागला तर वर कळवले.

शिवाय हे केवळ लोकसभेपुरते नाही. नगरपरिषद असो वा ग्रामपंचायत, तिची प्रभागवार यादी विधानसभेच्या यादीतूनच काढली जाते. वेगळी नोंदणी नसते. दौंड नगरपरिषदेच्या प्रभागात किंवा शिरूरच्या एखाद्या ग्रामपंचायतीच्या वॉर्डात पन्नास-साठ मतांनी निकाल फिरतो. तिथे शिखांची वीस-पंचवीस घरे असली तर नळ, गटार, घरकुलाची यादी आणि स्मशानभूमीची जागा या प्रश्नांवर त्यांना विचारात घ्यावेच लागते. हजारात दोन असलेल्या समाजाला संसदेत वजन मिळणे अवघड आहे, पण वॉर्डात नाही. आणि ज्या माणसाचे नाव तिथे नाही, त्याच्या पालाकडे निवडणुकीच्या काळातही कुणी वळत नाही.

शिकलगारांचा दीडशे वर्षांचा प्रवास पाहिला तर राज्यसंस्थेने त्यांना ओळखले नव्हते असे म्हणता येत नाही. शस्त्रांचा कायदा करणारे, जमातींची वही भरणारे, पालांवर छापे घालणारे यांना ते चांगले ठाऊक होते. नागरिक म्हणून ओळखणे उशिरा आले, अर्धवट आले, आणि अजून प्रत्येक पुनरीक्षणात नव्याने मिळवावे लागते. त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. आहे त्या कायद्यातली रात्रीची पडताळणी बीएलओने खरोखर करावी, आणि ती व्हावी म्हणून गुरुद्वाऱ्याने, शेजाऱ्याने, तलाठी-ग्रामसेवकाने मागे लागावे, इतके पुरते.